उन्हापासून त्वचा जपा, पण जपून!

मार्च सरला की मराठवाड्यात ऊन तापू लागते. कुंडलिकेच्या अलीकडच्या नवीन जालन्यातील बाजारपेठ असो की स्टील कारखान्यांच्या वाटा, भर दुपारी चेहरा अक्षरशः भाजून निघतो. १९-२० मेच्या सुमारास तर सूर्य जालन्याच्या अगदी डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखालीच दडते.

त्वचा काळवंडते ती उन्हातील अतिनील किरणांमुळे. ही किरणे साधारण सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत तीव्र असतात. घड्याळ नसले तरी सावली पाहावी. असरची वेळ सावलीवरून ओळखतात, हे आपण जाणतोच. तीच खूण इथेही उपयोगी पडते: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन टाळलेले बरे.

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे संरक्षण म्हणजे कापड. घट्ट विणीचे, सैल, अंगभर कपडे किरणे अडवतात. विरळ, झिरझिरीत ओढणी मात्र फारशी कामाची नाही. बुरखा घेणाऱ्या भगिनींचा चेहरा व हात उघडे राहत असतील, तर तिथे सनस्क्रीन लावावे. एसपीएफ ३० पुरेसे; ते सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरणे रोखते. बाहेर पडण्यापूर्वी १५-२० मिनिटे आधी, चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे. घामाने आणि वजूच्या पाण्याने ते कमी होते. म्हणून जोहरनंतर पुन्हा उन्हात जायचे असल्यास नव्याने लावावे.

आपला जिल्हा मोसंबीचा. पण लिंबाचा किंवा मोसंबीचा रस पिण्यासाठी आहे, चेहऱ्याला चोळण्यासाठी नाही. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

याहून मोठा धोका गोरेपणाच्या क्रीमचा आहे. मे महिन्यात निकाहांची धांदल असते. मुलीचा रंग उन्हाने उतरला म्हणून कोणीतरी ट्यूब सुचवते आणि आठ दिवसांत चेहरा उजळतोही. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे नाव वाचले, तर सावध व्हा. ही स्टेरॉइड आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत, असा नियम आहे. जास्त दिवस वापरल्यास त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येते, केस उगवतात आणि ऊन मुळीच सोसत नाही. अचानक थांबवले तरी चेहरा भडकतो. म्हणून वापर सुरू असेल, तर लाजू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

उन्हाशी मात्र वैर नको. ड जीवनसत्त्व त्वचेत उन्हामुळेच तयार होते. सदैव घरात किंवा पूर्ण झाकून राहणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याची उणीव आढळते. हाडे दुखतात, थकवा येतो. अंगणात वा गच्चीवर आडोशाला हात-पाय थोडा वेळ उघडे ठेवून ऊन घ्यावे. दुखणे फारच असेल, तर रक्ततपासणी करून औषध घ्यावे.

सावळा रंग हा आजार नाही. घरात सून पाहताना आणि मुलींशी बोलताना आपण वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले, तर अर्ध्या ट्यूब दुकानातच राहतील.