हौशी वाद्यवृंद आणि त्याची भाषा

१

मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द रूढ झाला तो चित्रपटगीतांच्या रंगमंचीय कार्यक्रमाच्या अर्थाने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रंगमंचापुढील नृत्याची जागा असा होता. ती जागा पुढे वादकांकडे गेली आणि जागेचे नाव वादकांच्या समूहास मिळाले. प्रस्तुत लेखात ‘वाद्यवृंद’ हा शब्द एका मर्यादित अर्थाने योजला आहे. निरनिराळी वाद्ये वाजवणाऱ्या व्यक्तींनी, एकाच वेळी परंतु परस्परांहून भिन्न असे पार्ट वाजवून, एक रचना सिद्ध करणे, हा तो अर्थ होय. ‘हौशी’ या विशेषणाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. ‘हौस’ हा शब्द आपल्याकडे अरबी ‘हवस’ म्हणजे ओढ, इच्छा, या शब्दापासून आला. इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘प्रेम करणारा’ हा शब्द आहे. दोहोंच्या मुळाशी कौशल्याची उणीव नाही. कलेची ओढ आहे आणि उपजीविका तिच्यावर अवलंबून नाही, एवढेच त्यांत अभिप्रेत आहे.

आता प्रश्न असा की, ज्या महाराष्ट्रात हौशी रंगभूमी तालुक्यातालुक्यांत रुजली, जेथे भजनी मंडळ नाही असे गाव विरळा, आणि जेथे गणेशोत्सवात नोकरदार व विद्यार्थी मोठ्या संख्येने ढोलताशाच्या पथकांत उतरतात, तेथे हौशी वाद्यवृंद मात्र का रुजला नाही? वाद्ये महाग, शिक्षक दुर्मीळ, आणि आपली परंपरा एकल गायनवादनाची, ही उत्तरे नेहमी दिली जातात. त्यांत तथ्य आहे. परंतु नाटकाचा खर्चही लहान नसतो, आणि समूहाने गाण्याची सवय भजनाने आपल्याला शतकानुशतके लावली आहे. म्हणून कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

आमच्या मते ते कारण भाषिक आहे. नाटकाची संहिता नटाला आधीच येत असलेल्या भाषेत व लिपीत असते. भजनाची चाल सर्वांची एकच, व ती कानाने उचलता येते. ढोलताशाच्या पथकात माणसे कितीही असली तरी भिन्न पार्ट दोनतीनच असतात आणि ते ऐकून पाठ होतात. वाद्यवृंदात मात्र शेजारी बसलेल्या दोघांना वेगवेगळे बोलावयाचे असते, आणि त्यासाठी स्वराची नावे, स्वराची उंची व स्वराचे लेखन याविषयी सर्वांचा एक संकेत असावा लागतो. हा संकेत आयता मिळत नाही. तो घडवणे हेच वृंद सुरू करणाऱ्याचे पहिले काम होय.

२

अडचण कोठे येते हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका खोलीत तिघे बसले आहेत अशी कल्पना करू: चर्चमध्ये शिकलेला गोमंतकीय व्हायोलिनवादक, लग्नाच्या बँडमधील क्लॅरिनेटवादक आणि भजनी मंडळातील पेटीवादक. तिघांना ‘सा वाजवा’ असे सांगितले. व्हायोलिनवादक ‘सा’ म्हणजे ‘दो’ असे समजून पांढरी एक हा स्वर काढील. क्लॅरिनेटवादक आपल्या वाद्यावरील ‘दो’ फुंकील, पण ऐकू येईल ती काळी पाच. कारण नेहमीच्या क्लॅरिनेटची रचनाच अशी असते की, लिहिलेल्या स्वराहून ऐकू येणारा स्वर एक पूर्ण स्वर खाली असतो. पेटीवादक काहीच वाजवणार नाही. तो विचारील, ‘कोणत्या पट्टीत?’ तिघांपैकी चुकले कोणीच नाही. तिघे एकच शब्द तीन भाषांत बोलत आहेत.

यामागे दोन भिन्न पद्धती आहेत. आपला ‘सा’ सापेक्ष आहे: गायक जेथे धरील तेथे तो असतो. युरोपातही अकराव्या शतकात ग्विदो या धर्मोपदेशकाने स्वरांना अक्षरनामे दिली तेव्हा ती सापेक्षच होती. परंतु पोर्तुगालसारख्या देशांत पुढे ‘दो, रे, मी’ ही ठरावीक उंचीच्या स्वरांची नावे झाली, आणि गोव्यात तीच पोहोचली. महाराष्ट्रात निश्चित उंची दाखवण्यासाठी लोकांनी आपली स्वतंत्र आणि फार सोयीची परिभाषा घडवली आहे. ती म्हणजे पेटीच्या पट्ट्यांची: पांढरी चार, काळी एक, काळी पाच. ज्या स्वरावर पाश्चात्त्य वाद्यवृंद आपली वाद्ये जुळवतो, व ज्याची कंपनसंख्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सेकंदास ४४० आहे, तो आपल्या भाषेत मध्य सप्तकातील पांढरी सहा होय. हौशी वृंदाने नवी पारिभाषिक संज्ञा घडवण्याचा खटाटोप न करता उंचीसाठी पट्टीची नावे व रागातील स्थानासाठी सरगम, असा दुहेरी संकेत पहिल्याच तालमीस ठरवून घ्यावा. पेटी जुनी असल्यास तिचा स्वर या मानकाशी जुळतो की नाही हेही त्याच दिवशी पाहावे. पेटी मागाहून जुळवून घेता येत नाही.

वृंदाचा ‘सा’ कोठे ठेवावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, परंतु वस्तुतः तो सामाजिक आहे. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा म्हणजे पांढरी पाच, दोन, सहा व तीन. ‘सा’ पांढरी दोनमध्ये धरला तर या तारा अनुक्रमे म, सा, प आणि रे होतात, व नवशिक्यालाही बोट न ठेवता सा आणि प मिळतात. पण त्याच पट्टीत नवशिक्या क्लॅरिनेटवादकाला चार तीव्र स्वरांचे लेखन वाचावे लागते व त्याची बोटे अडखळतात. उलट पांढरी चार पट्टी घेतली तर त्याला एकच तीव्र स्वर सांभाळावा लागतो. परंतु व्हायोलिनच्या मोकळ्या तारांत सा आणि प दोन्ही उरत नाहीत. पांढरी एक अथवा पांढरी पाच हा बहुधा तडजोडीचा मार्ग ठरतो. निर्णय कोणताही असो, तो करताना सर्वांत दुबळा गट कोणता हे पाहावे आणि त्याच्या सोयीचा करावा. कुशल वादक कोणत्याही पट्टीत वाजवू शकतो. नवशिक्याची पट्टी चुकली तर तो पुढच्या आठवड्यात येत नाही.

३

लेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्याकडे स्वरलेखनाच्या दोन पद्धती प्रामुख्याने शिकवल्या गेल्या: विष्णु नारायण भातखंडे यांची आणि विष्णु दिगंबर पलुस्कर यांची. दोन्हींची अक्षरे एकच, परंतु चिन्हे परस्परविरोधी आहेत. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र सप्तक. भातखंडे पद्धतीत मध्यमावरील उभी रेघ तीव्रत्व दाखवते. पलुस्कर पद्धतीत उभी रेघ तार सप्तकाची खूण आहे. म्हणजे एकाच कागदावरून वाचणारे दोन प्रामाणिक वादक दोन सप्तकांच्या अंतराने वाजवू शकतात. त्यात पाश्चात्त्य पाचरेघी लेखन वाचणारा तिसरा आला की गोंधळ पुरा होतो.

या गोंधळातून वाट काढण्याचे काम मुंबईच्या चित्रपटसृष्टीत दीर्घकाळ झाले. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना वाचनलेखनाबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलेखन पाहून गाण्याचे व वाजवण्याचे शिक्षण मिळत असे. त्या शाळांत तयार झालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत, बँडांत व पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आले. मूळच्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक पाचरेघी लेखनात पार्ट लिहीत. सतार, बासरी, सारंगी वाजवणारे तेच आपल्या सरगमात उतरवून घेत. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्याबरोबर गावयास लावले. हा दोन लिप्यांच्या एकत्र नांदण्याचा ठळक प्रयोग होता. ही मंडळी व्यावसायिक होती हे खरे. परंतु त्यांचा धडा हौशी वृंदाने घेण्याजोगा आहे: सर्वांना एकाच लिपीत आणण्याचा हट्ट धरण्यापेक्षा दोन्ही लिप्या जाणणारा एक लेखनिक असणे अधिक उपयोगी.

४

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण मैहरचे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी, १९१८ च्या सुमारास साथीने पोरक्या केलेल्या मुलांना घेऊन तेथे वृंद उभारला. सतार, सरोद, व्हायोलिन, पेटी यांच्या जोडीला बंदुकीच्या नळ्यांपासून बनवलेले नलतरंग हे वाद्यही त्यात आले. रचना कागदावर नव्हत्या. खाँसाहेब सांगत, मुले पाठ करीत. लिपीवाचूनही वृंद उभा राहतो याचा हा पुरावा होय. मात्र त्यासाठी रोज शिकवणारा गुरू, एकत्र राहणारी मुले आणि संस्थानाचा आश्रय लागला. १९७२ मध्ये खाँसाहेब निवर्तल्यानंतरही तो वृंद शासकीय आधाराने चालत राहिला. आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी असणाऱ्या बँकेतील कारकुनास आणि शाळामास्तरास हा मार्ग परवडणारा नाही.

मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापिला. त्यात हौशी पारशी वादक होते, हॉटेलांत वाजवणारे गोमंतकीय होते, आणि फुंकवाद्यांची उणीव नौदलाच्या बँडमधील वादक भरून काढीत. समाजातील उपलब्ध मनुष्यबळ जुळवून वृंद कसा करावा याचा तो उत्तम नमुना. परंतु मेहता परदेशी गेल्यावर तो टिकला नाही. पुढे २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाटक केंद्राने ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला तेव्हा मोठ्या संख्येने वादक परदेशांतून आणावे लागले. पॅरिश शाळांची शिकवण एका माणसाच्या डोक्यात नव्हती, ती गावाच्या व्यवस्थेत होती. म्हणून शिक्षक बदलले तरी ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. हौशी वृंदाचे आयुष्य तो किती चांगला वाजवतो यापेक्षा त्याची भाषा कोणाजवळ राहते यावर ठरते.

५

मग आरंभ कसा करावा? संख्येबाबत आपल्याच भूमीतील एक जुना ग्रंथ मार्गदर्शक ठरतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात वृंदाचे प्रकार सांगितले आहेत. उत्तम वृंदात मुख्य गायक, साहाय्यक, गायिका, बासरीवादक व मृदंगवादक मिळून ३२ जण. कनिष्ठ वृंदात १२. उत्तमाहून मोठ्या समूहास त्याने ‘कोलाहल’ अशी संज्ञा दिली आहे. नव्या वृंदाने बारांपासून आरंभ करावा. शार्ङ्गदेव वृंदाचे सहा गुण सांगतो: मुख्याचे अनुसरण, एकजीव होणे, लयतालाला धरून असणे, तिन्ही सप्तकांत संचार, आवाजांचे साम्य, आणि एकाची राहिलेली त्रुटी दुसऱ्याने निभावून नेणे. हा शेवटचा गुण हौशी वृंदाचा प्राण समजावा.

तो गुण केवळ सदिच्छेने येत नाही. रचनेतच त्याची सोय करावी लागते. प्रत्येक रचना तीन थरांत लिहावी. पहिल्या थरात पूर्ण चाल. दुसऱ्यात तालाच्या मात्रांवर पडणारे मुख्य स्वर तेवढे. तिसऱ्यात समेवर व खालीवर मोकळ्या तारेचे सा अथवा प. प्रत्येक पार्ट किमान दोघांकडे असावा, म्हणजे एक अनुपस्थित राहिला तरी तालीम अडत नाही. मात्र तिसरा थर शोभेपुरता नसावा. भजनात टाळकऱ्याला कठीण असे काही वाजवावयाचे नसते, तरी टाळ थांबला तर भजन ढासळते. तिसऱ्या पार्टाचे स्थान तसे असावे. तो गळला तर ऐकणाऱ्यास उणीव भासली पाहिजे. आपल्यावाचून चालते असे ज्याला कळले, तो हौशी माणूस टिकत नाही, कारण त्याला बांधून ठेवणारा पगार नसतो.

वाढीच्या काळात तीन नियम उपयोगी पडतात. नव्या वादकास त्याच वाद्याच्या जुन्या वादकाशेजारीच बसवावे. भाषा पुस्तकापेक्षा शेजाऱ्याकडून लवकर येते. सर्व पार्ट दोन्ही लिप्यांत, स्वतंत्र कागदांवर लिहून संस्थेच्या कपाटात ठेवावेत, संचालकाच्या घरी नव्हे. आणि कोणती स्वरलेखनपद्धती वापरली हे प्रत्येक कागदाच्या माथ्यावर नमूद करावे. तिसरे, प्रत्येक कार्यक्रमातील निदान एक रचना संचालकाखेरीज अन्य कोणी चालवावी. आरंभी ती रचना सैल वाजेल, हे गृहीत धरावे. परंतु ज्या वृंदात दोन माणसे हात देऊ शकतात, त्याला एकाच्या बदलीने किंवा आजारपणाने धोका राहत नाही.

भाषेच्या अभ्यासकांस यात नवीन काही वाटणार नाही. एकच बोलणारा उरलेली भाषा कितीही समृद्ध असली तरी ती मरणपंथास लागलेली असते; आणि तोडकी का होईना, घराघरांत मुलांच्या तोंडी असलेली बोली वाढत राहते. ज्या गावात हौशी नाट्यमंडळ, भजनी मंडळ व लग्नाचा बँड हे तिन्ही आज आहेत, तेथे वृंदाची माणसे व बरीचशी वाद्येही आहेत. त्यांना परस्परांशी बोलता येईल एवढी भाषा पुरवणे बाकी आहे.