ब्राझिलियनाइट : रूप एक, गुण वेगळे

रत्नाची पहिली पारख डोळ्यांनी होते. परंतु शेवटचा निर्णय डोळ्यांवर सोडता येत नाही. ब्राझिलियनाइट या दुर्मीळ खनिजाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, कोन्सेल्हेइरो पेना गावाच्या परिसरात पिवळसर हिरव्या रंगाचे सुंदर, पारदर्शक स्फटिक सापडले. रूपावरून ते क्रिसोबेरिल समजले गेले. आपल्याकडे परिचित असलेला लसण्या हा याच क्रिसोबेरिलचा एक प्रकार. क्रिसोबेरिलची कठिनता मोहच्या मापनश्रेणीत ८.५, या स्फटिकांची मात्र केवळ ५.५ भरली. विशिष्ट गुरुत्वही सुमारे ३.७ नव्हे, तर ३ च्या आसपास निघाले. अमेरिकेतील खनिजतज्ज्ञ फ्रेडरिक पो आणि एडवर्ड हेंडरसन यांनी त्यांचा अभ्यास करून १९४५ साली हे सर्वस्वी नवे खनिज असल्याचे प्रसिद्ध केले आणि देशावरून त्याचे नामकरण झाले. पुढे अमेरिकेतील न्यू हँपशर राज्यातही ते आढळले.

रासायनिक दृष्ट्या हे सोडियम व ॲल्युमिनियम यांचे जलांशयुक्त फॉस्फेट आहे. भूगर्भातील शिलारस थिजत असता अखेरीस उरलेल्या, पाण्याने व विरळ मूलद्रव्यांनी समृद्ध अशा रसापासून पेग्मॅटाइट हा भरड खडक तयार होतो. त्यातील पोकळ्यांत मोकळी जागा मिळाल्याने असे सुघड स्फटिक वाढतात.

पैलू पाडल्यावर ब्राझिलियनाइट मनोहर दिसते. परंतु नित्य वापराच्या अंगठीस ते योग्य नाही. हवेतील धुळीत असणाऱ्या गारेची कठिनता ७, म्हणून साध्या पुसण्यानेही त्यावर ओरखडे उमटतात. ते ठिसूळ असून एका विशिष्ट दिशेने सहज दुभंगते. उष्णतेने त्याचा रंगही उडतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी कारागिराने त्याला आच लागू देऊ नये. लोलक किंवा कर्णभूषण यांत ते अधिक सुरक्षित राहते; संग्राहक तर अखंड स्फटिकालाच अधिक मान देतात.

असे रत्न विकताना त्याचे खरे नाव आणि त्याची नाजूक प्रकृती या दोन्ही गोष्टी ग्राहकाला आधी सांगणे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे. विक्रीच्या वेळी न सांगितलेला दोष काही महिन्यांनी ओरखड्यांच्या रूपाने आपोआप प्रकट होतो, आणि तेव्हा ग्राहक दगडाला नव्हे, पेढीला बोल लावतो.