खराब रस्त्याची दोन उत्तरं

चोपड्याच्या बाजारात सायकलच्या एखाद्या जुन्या दुकानासमोर उभं राहून वर बघा. दांडीला टायर टांगलेले दिसतील. त्यांतला एक सडपातळ पण मोठ्या घेराचा, दुसरा बुटका आणि जाडजूड. पहिल्यावर छापलेलं असतं २८ × १½, दुसऱ्यावर २६ × २.१२५. दुकानदाराच्या लेखी एक दूधवाल्याचा आणि दुसरा शाळेत जाणाऱ्या पोराच्या रेंजर सायकलचा. मला मात्र या दोन आकड्यांचं नवल संपत नाही. एक इंग्लंडहून आला, एक अमेरिकेतून. दोघंही खराब रस्त्याला दिलेली उत्तरं आहेत. आणि खळ्यात चाऱ्यामागे गंजत पडलेली आजोबांची सायकल पुन्हा रस्त्यावर येऊ शकते, ती अशाच आकड्यांच्या जोरावर.

हवेचं टायर व्यवहारात आणलं डनलॉप यांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये. हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला धक्के बसतात म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरली. (तीच कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच पेटंट करून ठेवली होती, पण तेव्हा ती चालवायला सायकलच नव्हती!) पुढे इंग्रजांनी ठरवलं की रस्ता वाईट असेल तर चाक मोठं करायचं. चाक जितकं मोठं, तितकं ते खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर अलगद चढतं. म्हणून ती उंच, काळी, लांबलचक रॉडब्रेकची सायकल.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथल्या टायरमध्ये वेगळी ट्यूबच नसायची. अख्खं टायर म्हणजे एकच नळी, रिमला चिकटवलेली. पोरं पदपथाच्या कडेवर सायकली आपटत आणि टायर फुटत. शिकागोच्या श्विन कंपनीचे फ्रँक श्विन यांनी जर्मनीत जाड, कमी हवेची टायरं पाहिली आणि १९३३ साली, ऐन मंदीत, सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचं ‘बलून’ टायर लावलेली सायकल बाजारात आणली. थोड्याच वर्षांत बाकीच्या अमेरिकी कंपन्यांना त्यांच्यामागे जावं लागलं.

टायर जाड असलं की धक्का कमी का लागतो, याचं गणित सोपं आहे आणि तरी चक्रावून टाकणारं. समजा मागच्या चाकावर ५५ किलो भार आहे. टायरमध्ये ५० पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलो दाब. मग रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा सुमारे सोळा चौरस सेंटिमीटरचाच असणार. टायरचा कडकपणा बाजूला ठेवला तर त्या तुकड्याचं क्षेत्रफळ टायरच्या रुंदीवर नव्हे, हवेच्या दाबावर ठरतं. हवा २५ पौंड केली की तुकडा दुप्पट. बारीक टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवली तर रिम दगडावर आपटेल. जाड टायरमध्ये मधे जागा असते. जाडी हवी ती हवा कमी ठेवता यावी म्हणून.

आपल्याकडे पहिलं उत्तर रुजलं. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स विलायतेहून आल्या. मग इथेच सायकली बनू लागल्या: मुंबईत हिंद, मद्रासला टीआयची हर्क्युलिस, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला ॲटलस आणि लुधियान्याची हीरो. साऱ्यांनी मापं इंग्रजी धाटणीचीच ठेवली. तापीकाठच्या काळ्या मातीला हे उत्तर मानवलंही. पावसाळ्यात ही माती मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी बसते की चाकच अडकतं आणि सायकल माणसाच्या खांद्यावर बसून घरी येते. जाड टायर असतं तर ते आधीच अडकलं असतं. बाभळीचा काटा मात्र दोघांनाही सारखाच.

खळ्यातली सायकल बाहेर काढलीत की आधी काही खोलू नका, वाचा. सीटखालच्या नळीजवळ किंवा क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) खाली फ्रेमचा नंबर असतो. स्टर्मी-आर्चरचा गिअरवाला हब असेल तर त्याच्या पोटावर बऱ्याचदा बनल्याचं वर्षच कोरलेलं मिळतं. दांडीला नगरपालिकेचा बिल्ला लटकत असेल तर तो पॉलिश करू नका, जपून ठेवा. एकेकाळी सायकलला कर होता, त्याची ती पावती.

मग चाक. पुढे ३२ तारा, मागे ४०. मागे जास्त, कारण माणसाचं बहुतेक वजन तिथे आणि चेनचा ओढाही तिथेच. जेमतेम दोन मिलिमीटरची तार हातात धरून दाबून पाहा, लगेच वाकते. अशा तारांवर दूधवाला दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅन लावून जातो तो कसा? तारा आधीच सर्व बाजूंनी ओढून ताणलेल्या असतात. भार आला की जमिनीकडच्या तीन-चार तारांचा ताण थोडा उतरतो, बाकीच्यांत फारसा फरकच पडत नाही. तेवढं ते ढिलं होणं म्हणजेच त्यांनी भार पेलणं. तार दाबली कधीच जात नाही, म्हणून ती वाकत नाही. तारा हबमधून सरळ न निघता एकमेकींना छेदत तिरप्या जातात, ती १८७४ सालची जेम्स स्टार्ली यांची युक्ती. तिच्यामुळे हबचा पीळ रिमपर्यंत पोचतो.

चाक डोलत असेल तर कारागीर म्हणेल, “चाकले आउट शे, भाऊ.” तो आउट घरी काढता येतो. सायकल उलटी ठेवा, चाक फिरवा, ब्रेकच्या रबराजवळ खडू धरा. रिम जिथे डावीकडे येते तिथल्या उजव्या बाजूच्या तारांचे निपल पाव-पाव आट्याने आवळा, डाव्या बाजूचे तेवढेच सैल करा. घाई करणाऱ्याचं चाक मात्र दोन फेऱ्यांत लंबगोल होतं.

पायडल खोलताना अनेक जण दमतात, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उलटे का? पाय फिरतो तशी पायडलची दांडी क्रँकच्या भोकात किंचित घरंगळत जाते, आणि ती घरंगळते फिरण्याच्या उलट दिशेला. सुलट आटे असते तर डावं पायडल चालता चालता आपणच सुटून पडलं असतं. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचं सायकलीचं दुकान होतं आणि त्यांनी आपल्या सायकलींना हे उलट-सुलट आटे दिले होते. विमानाआधी त्यांनी पायडलचा प्रश्न सोडवला, हे मला फार आवडतं.

क्रँकला धरून ठेवणारी कॉटर पिन ही खरी परीक्षा. नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी सपाट ठेवायचा, म्हणजे हातोडीने आटे चेपत नाहीत. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा करून आधार द्यायचा, मगच ठोका. नाहीतर तो घाव बीबीच्या छर्ऱ्यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात. परत बसवताना दोन्ही पिना परस्परांच्या उलट दिशेने घालायच्या. एकाच दिशेने घातल्या तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि माणूस फ्रेम वाकली समजून कपाळाला हात लावतो.

बीबीत पाव इंचाचे छर्रे, दोन्हीकडे अकरा-अकरा. एक खराब झाला तरी सगळे बदला. नवा छर्रा जुन्यांपेक्षा केसभर मोठा असतो आणि सारा भार तोच उचलतो. रॅलेचे कप मात्र जपा: तिचे आटे इंचाला २६, बाकी इंग्रजी सायकलींचे बहुधा २४. हरवले तर शोधत फिरावं लागेल.

आता गंज. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते विजेचं काम. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची वजा तार गंजलेल्या भागाला, अधिक तार भंगारातल्या लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. १२ व्होल्ट पुरतात. गंज म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेलं लोखंड. खनिजापासून लोखंड काढण्याच्या भट्टीत कोळसा हा ऑक्सिजन काढून घेतो, इथे वीज तेच काम थोड्या प्रमाणात करते. तांबडा थर काळा पडतो आणि ब्रशने निघून येतो. ॲसिडने जातं तसं खालचं चांगलं लोखंड इथे खाल्लं जात नाही. मात्र हे अंगणातच करा, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. सोड्याऐवजी मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सीटच्या स्प्रिंगा आणि तारा यात बुडवू नका, हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात. क्रोमचे भागही बाहेर ठेवा. त्यांना ॲल्युमिनियमची चुरगळलेली फॉइल पाण्यात बुडवून घासणं पुरेसं आहे.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: जुना काळा रंग आणि सोनेरी रेघा निम्म्या जरी शिल्लक असल्या तरी पुन्हा रंगवू नये. नवा रंग कधीही देता येतो, गेलेल्या रेघा परत येत नाहीत. घासायचंच झालं तर ओलं करून घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ उडू देऊ नका, पोरांना लांब ठेवा.

टायरचं म्हणाल तर, चैत्र-वैशाखात सायकल उन्हात ठेवली की फुटते, असं सगळेच सांगतात. गणित मांडून पाहा. सकाळी २५ अंशांना ५० पौंड भरलेली हवा, दुपारी रबर ६५ अंशांपर्यंत तापलं तरी साठच्या आतच राहते. धड टायर तेवढ्याने फुटत नाही. फुटतं ते ज्याचे आतले धागे कुजलेत असं. म्हणून टायर वाकवून पाहा. भेगांतून धागा दिसला तर बदला, ट्यूब आणि व्हॉल्व्हच्या रबरासकट.

आणि ते मिळतं! अमेरिकेतल्या बाजारात क्वचितच दिसणारं २८ × १½ चं टायर तुम्हाला गावच्या दुकानात मिळतं, कारण इथे ती सायकल कामावरून कधी गेलीच नाही. दुसऱ्या टायरची गोष्ट आणखी मजेशीर. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही तरुण डोंगरउतारावर शर्यती लावू लागले, त्या याच जुन्या बलून टायरच्या सायकलींवर. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि हब पुन्हा भरावा लागायचा. त्यातून माउंटन बाइक जन्मली, आणि तिच्याबरोबर ते माप जगभर गेलं. श्विनचं १९३३ चं माप आज रेंजरच्या टायरवर बसलं आहे. कुणाच्या घरी जुनी अमेरिकी सायकल असेल तर तिचं टायर चोपड्यातही मिळू शकेल. खरेदी करताना इंचांवर विसंबू नका, २६ इंची म्हणवणारी अनेक मापं एकमेकांना बसत नाहीत. बाजूला बारीक अक्षरात मिलिमीटरचा आकडा असतो: उंच सायकलीला ६३५, बलूनला ५५९.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. तिथे महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही आहे. जमलं तर काम सुरू करण्यापूर्वी एकदा जाऊन या; कुठला भाग मुळात कसा होता ते पाहून कळतं.

ॲटलसने २०२० साली, जागतिक सायकल दिनीच, साहिबाबादचा कारखाना बंद केला. त्यामुळे खळ्यातल्या ॲटलसच्या ओरिजिनल सामानासाठी भंगारही धुंडाळावं लागेल. सायकल किलोच्या भावाने देऊन टाकू नका. आज संध्याकाळी दोन्ही कॉटर पिनांवर डिझेलचे थेंब सोडा आणि हातोडी उद्यापर्यंत बाजूला ठेवा.