दोन किलोच्या आत

सकाळी ६:१०
साताऱ्यात गोडोलीतलं दोन खोल्यांचं घर. नोव्हेंबर २०२५. गॅसवर चहा उकळतोय, ओट्याच्या टोकाला डिजिटल वजनकाटा. रात्री घडी घालून ठेवलेली गोधडी वहिनी त्यावर ठेवतात. १ किलो ९१० ग्रॅम. अजून पिशवी यायची आहे, वर कागद चिकटायचे आहेत.
"नव्वद ग्रॅम शिल्लक," म्हणतात आणि चहा गाळायला वळतात.
टपालाचं परदेशी ट्रॅक्ड पॅकेट दोन किलोपर्यंतच घेतात. काटा पुढे सरकला की तो माल स्पीड पोस्टनं नाहीतर पार्सलनं न्यायचा, आणि त्याचा भाव निराळा. म्हणून मोठी गोधडी आता पाच पदरी शिवत नाहीत, चारच पदर. गिऱ्हाईक बर्फाच्या मुलखातलं, आणि पदर एक कमी!

७:३०
मुलगा शाळेत गेला. आता बांधाबांध. गोधडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायची, तोंड बंद करायचं आणि हातपंपानं हवा ओढायची. पंप मारून मारून दंड भरून येतो. फुगीर गोधडी दबत दबत पापडाच्या गड्डीसारखी होते. पिशवी नव्वद रुपयांची.
वहिनी टेप लावून मोजतात. आधी चाळीस, बत्तीस, अठरा सेंटिमीटर होती. आता अडतीस, तीस, दहा. पॅकेटच्या तिन्ही बाजू मिळून नव्वदच्या आत हव्यात, आणि कुठलीही एक साठाच्या वर नको. आधी ती बरोबर काठावर होती.
खासगी कुरियरवाल्यांचा हिशोब वेगळा. ते जागेचंही वजन करतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. खऱ्या वजनाहून हे जास्त आलं तर बिल याच्यावर. न दाबलेल्या गोधडीचं ते ४.६ किलो येतं, आणि पुढं अर्ध्या किलोत वर धरलं की बिल पाच किलोचं. त्यातली तीन किलो निव्वळ हवा. हवेचे पैसे कोण देणार? वहिनींनी आधी पंप घेतला, मग टपालाची वाट धरली.

९:४५
तिघीजणी आल्या. दोघी करंज्याच्या, एक याच गल्लीतली. मधल्या खोलीत सतरंजी, सतरंजीवर टाचून ठेवलेले पदर. कडेनं सुरुवात, मग फिरत फिरत आत. धावदोरा. सुई खालून वर आणि वरून खाली. मोठ्या आक्का अंगठ्याला चिंधी गुंडाळून बसतात. टोपण घातलं की बोटाला कळत नाही, म्हणतात.
मोठ्या गोधडीची मजुरी चौदाशे. दुपारच्या दुपार बसलं तरी पंधरवडा जातो. बाळाच्या दुपट्याएवढीची साडेचारशे, ती चार दिवसांत उतरते. हल्ली बाळांच्याच जास्त. साधारण साडेचारशे ग्रॅम भरतात. वजन कमी, टपाल कमी, गिऱ्हाईक बिचकत नाही.
"पूर्वी लेकीला द्यायची गोधडी उचलंना झाली पायजे असं म्हणायचे," आक्का म्हणतात. "आता हलकी करा, हलकी करा."
दोऱ्याला मात्र त्या हात आखडता घेत नाहीत. तिथं वहिनीही काही बोलत नाहीत.

११:१५
वहिनी लॅपटॉपवर. आयात-निर्यात कोड कधीच काढून झाला. फी पाचशे, नंबर पॅनचाच. आता टपाल खात्याच्या निर्यातीच्या पोर्टलवर माल भरायचा: काय आहे, कशाचं आहे, किती वजन, किती किंमत. मालाचा कोड ९४०४ नं सुरू होतो. रजया, गाद्या, उशा सगळ्या त्याच घरात.
किंमत चार हजार पाचशे. ही ओळ भरताना वहिनी थांबतात. गोधडी अमेरिकेला जायची आहे. आठशे डॉलरच्या आतला माल अमेरिकेत विनाकर जायचा, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. त्याच्या चार दिवस आधीपासून आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं होतं. १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं, पण आता कर इथंच, पाठवतानाच भरायचा. सांगितलेल्या किमतीच्या पन्नास टक्के. म्हणजे २,२५०.
मधल्या दीड महिन्यात कपाटावर गठ्ठे साचले. मजुरी थांबवता येईना. वहिनींनी गळ्यातलं काही मोडलं का, ते मी विचारलं नाही.
युरोपीय संघातल्या देशांत पाठवणं त्याआधीच सोडलं. डिसेंबर २०२४ पासून तिथं मालाची जबाबदारी घेणारा एक माणूस तिथलाच दाखवावा लागतो. महिन्याला दोन गोधड्यांसाठी कोण बसणार जबाबदारी घेऊन?

१२:४०
रिक्षा, साठ रुपये. टपाल कार्यालयात पुढे सहाजण. एक आजोबा बचत खात्याचं पुस्तक घेऊन, एक मुलगी परीक्षेचा फॉर्म घेऊन.
काउंटरवरच्या बाई पॅकेट काट्यावर ठेवतात. १ किलो ९७०. वहिनी श्वास सोडतात. दुसरं पॅकेट बाळाचं, ते लंडनजवळ जाणार. तिकडचा वीस टक्के व्हॅट एट्सीनं, म्हणजे वहिनी जिथं गोधड्या विकतात त्या साइटनं, गिऱ्हाइकाकडूनच आधी घेतलाय.
मोठ्या पॅकेटची पावती येते. नुसतं टपालच आक्कांच्या पंधरवड्याच्या मजुरीहून जास्त. त्यावर कर वेगळा. वहिनी पावतीचा फोटो काढतात, मग मूळ पावती पर्समधल्या चेनच्या कप्प्यात.

३:२०
परतताना दोऱ्याची रिळं, चिकटपट्टी, लेबलांच्या प्रिंटा. एकशे ऐंशी रुपये.
चहाबरोबर वही उघडते. मोठी गोधडी: कापड साडेआठशे, दोरा एकशेवीस, मजुरी चौदाशे, पिशवी-चिकटपट्टी-रिक्षा मिळून दोनशेच्या घरात. चार हजार पाचशेतून हे वजा. शिवाय एट्सीचे साडेसहा टक्के, आणि ते गोधडीच्या किमतीवरच नाहीत, गिऱ्हाइकानं भरलेल्या टपालावरही.
"म्हणजे पोस्टाला दिलेल्या पैशावर यांना दलाली," वहिनी म्हणतात. पेन्सिलनं तो आकडा दोनदा गिरवतात.

५:४५
मजुरीचं वाटप. आक्कांची गोधडी पुरी झाली, चौदाशे. त्या नोटा मोजत नाहीत, पण वहीत सही करायला चष्मा काढतात.

रात्री ९:३०
न्यू जर्सीत सकाळचे अकरा. फोन वाजतो. तिकडे राहणारी पुण्याची एक बाई, मराठीतच बोलते. तिला दोन मोठ्या गोधड्या हव्यात. टपाल आणि कर धरून वहिनी भाव सांगतात. पलीकडे जरा वेळ शांतता.
मग तोडगा निघतो. बाईची आई डिसेंबरात कोथरूडहून निघणार आहे, तेवीस किलोच्या दोन बॅगा. चकली-चिवडा ठेवून एका बॅगेत जागा होईल. गोधड्या फक्त पुण्याला पोचवायच्या.
वहिनी खूश. पोर्टल नाही, कर नाही, काटाही नाही. "पाच पदरी करून देऊ का?" त्या विचारतात.
"करा की. आणि वहिनी, टपाल तर वाचलंच आहे, मग पाचशे कमी करा ना."
वहिनी वही पुढं ओढतात. कापड साडेआठशे. पाचवा पदर धरला तर हजाराच्या वर. मजुरीही वाढणार, आक्का एका पदराचे शंभर तरी मागतील.
"दोनशे," वहिनी म्हणतात. "दोन्ही मिळून."