दिवे नंतर, आधी गिझर

दिवे विझवत घरभर फिरणाऱ्यांची नजर गिझरवर क्वचितच जाते. ९ वॅटचा एलईडी दिवा १०० तास जळला तरी एक युनिट पुरतं होत नाही. २,००० वॅटचा गिझर ते अर्ध्या तासात फस्त करतो. पाणी तापायला भलतंच हट्टी. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. आंघोळीला तर चाळीसेक अंश पुरे! उरलेलं कढत पाणी टाकीतच निवतं, आणि बटण चालूच राहिलं तर गिझर ते पुन्हा तापवत बसतो. म्हणून सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात (हे घरात पटवणं विज्ञानापेक्षा अवघड). पंख्याचं म्हणाल, तर जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी) मोटरचा साधारण ३० वॅटचा.