मर्यादित द्रव्यात उघड्या क्रीडा-मोटारीची गुणवृद्धी : एका उदाहरणाच्या आधारे विवेचन

हाती द्रव्य थोडे असता एखाद्या यंत्राची कार्यक्षमता वाढवावयाची झाल्यास पहिला रुपया कोठे खर्चावा, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच विचारला जातो. इंजिनाची औष्मिक कार्यक्षमता आपण शिकतो, स्प्रिंगेची कंपनसंख्या काढतो, ब्रेकच्या चकतीत साठणाऱ्या उष्णतेचे गणितही करतो. परंतु ही तिन्ही प्रकरणे एकाच गाडीत एकत्र नांदत असता त्यांपैकी कोणते आधी हाती घ्यावे, याचा निर्णय विद्यार्थ्यावर सोपविला जातो, आणि तो निर्णय बहुधा जाहिराती घेतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका प्रसिद्ध गाडीच्या आधारे करावयाचा आहे.

ही गाडी म्हणजे माझ्दा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेत ती मियाटा आणि जपानात युनॉस रोडस्टर या नावांनी विकली गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. दोन आसने, कापडी टप, पुढे इंजिन व मागील चाकांना गती, अशी ही रचना साठीच्या दशकातील लोटस एलानसारख्या ब्रिटिश गाड्यांच्या वळणावर गेलेली आहे. १९९७ पर्यंत चाललेल्या या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या दीर्घकाळ स्वस्त मिळत राहिल्यामुळे थोड्या पैशांत वेगाची हौस भागवू पाहणाऱ्या तरुणांच्या त्या आवडत्या झाल्या. आमच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. तिचे वजन एक हजार किलोपेक्षा थोडे कमी, चारही चाकांची निलंबन-योजना स्वतंत्र व दुहेरी भुजांची, आणि पुढील-मागील चाकांवरील भार जवळजवळ समान आहे. एवढ्या स्वच्छ रचनेत एक घटक बदलला की त्याचा परिणाम चटकन उघडा पडतो.

हौशी मालकाची पहिली धाव सामान्यतः इंजिनाकडे असते. सुरुवातीच्या १५९७ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची शक्ती अमेरिकेतील नमुन्यात ११६ अश्वशक्ती होती. शंक्वाकार उघडा हवा-गाळक आणि मोठ्या व्यासाचा सायलेन्सर बसविल्याने सहा अश्वशक्ती खरोखरच वाढली असे क्षणभर गृहीत धरू. ही वाढ सुमारे पाच टक्के झाली. चालकासह गाडीचे वजन १०५० किलो धरल्यास तेवढाच लाभ पन्नासएक किलो वजन उतरविल्याने मिळतो. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठण्यास या गाडीला सुमारे नऊ सेकंद लागतात. त्यात अर्ध्या सेकंदाचीही बचत होणार नाही. शिवाय मूळ बंदिस्त पेटी काढून गाळक इंजिनाच्या खोलीत उघडा ठेवला म्हणजे तो तेथील तापलेली हवा ओढतो. बाहेरील हवा ३० अंश आणि आतील हवा ६० अंश सेल्सिअस असेल, तर निरपेक्ष तपमानांचे गुणोत्तर ३०३ भागिले ३३३, म्हणजे ०.९१ येते. हवेची घनता नऊ टक्क्यांनी उतरली, तेव्हा मिळविलेले पाच टक्के तर गेलेच, वर पदरचे काही गेले. आवाज मात्र वाढतो, आणि वाढलेल्या आवाजास वेग समजण्याची चूक मनुष्याचा कान नेहमीच करतो.

याउलट टायरकडे पाहावे. गाडीने करावयाचे प्रत्येक कार्य, मग ते वेग घेणे असो, वळणे असो वा थांबणे असो, शेवटी तळहाताएवढ्या चार संपर्कक्षेत्रांतूनच होते. जुन्या, कठीण झालेल्या टायरचा घर्षणगुणांक ०.८० आणि चांगल्या नव्या टायरचा ०.९५ असे उदाहरणादाखल धरू. ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबण्यास पहिल्यावर सुमारे ४९ मीटर, दुसऱ्यावर सुमारे ४१ मीटर लागतात. हा आठ मीटरांचा फरक दोन गाड्यांच्या लांबीएवढा आहे. तेवढ्या अंतरात एखादे मूल रस्ता ओलांडून जाऊ शकते. वळणावर शक्य असलेला वेग घर्षणगुणांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे येथे नऊ टक्के. एकाच खरेदीने थांबणे आणि वळणे ही दोन्ही सुधारतात. इंजिनावरील कोणताही खर्च हे करीत नाही.

टायर निवडताना आकाराचा मोह टाळावा. मूळ आकार १८५/६० आर १४ हा आहे; त्याचा बाह्य व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर येतो. १९५/५० आर १५ चा व्यास ५७६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तोच. गिअरांचे प्रमाण व वेगमापक दोन्ही बिघडत नाहीत. २०५/४५ आर १६ घेतल्यास व्यास ५९१ मिलिमीटर होतो, प्रत्येक गिअर दोन टक्क्यांहून अधिक लांबतो, आणि चाकही बहुधा जड होते. चाकाच्या परिघाजवळ वाढलेला एक किलो, वेग घेताना, गाडीत ठेवलेल्या जवळजवळ दोन किलोंइतका भारी पडतो, कारण त्यास पुढेही न्यावयाचे असते व फिरवावयाचेही असते. टायर केव्हा बनला हे त्याच्या भिंतीवरील चार अंकी खुणेवरून कळते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असूनही दहा वर्षांचा टायर नवा म्हणून गळ्यात मारला जातो, हे लक्षात ठेवणे बरे.

यानंतर जो उपाय सुचवावयाचा, त्यास जवळजवळ काहीच खर्च नाही. या गाडीच्या चारही चाकांची कोनरचना विकेंद्री बोल्ट फिरवून बदलता येते. तीस वर्षांत हे बोल्ट कोणी कसे फिरविले असतील याचा नेम नाही. पुढील चाके किंचित आत झुकवून व चारही चाकांची दिशा नीट जुळवून घेतली तर जुनी गाडी निराळीच वाटते. नवे भाग घेण्यापूर्वी हे करून पाहिल्याखेरीज, नव्या भागाने काय दिले हे मालकास कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेत आपण यंत्र प्रथम शून्यावर आणतो, त्यातलाच हा प्रकार.

ब्रेकच्या बाबतीत एक गैरसमज इतका रूढ आहे की त्याचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. मोठी चकती बसविल्याने गाडी लवकर थांबते, असे मानले जाते. मूळ ब्रेक जर चाके अडवू शकत असतील, तर थांबण्याचे अंतर टायर ठरवितो, चकती नव्हे. चकतीचे काम उष्णता सामावून घेण्याचे आहे. १०५० किलोच्या गाडीची ताशी १०० किलोमीटरला गतिज ऊर्जा सुमारे ४०५ किलोज्यूल असते. तीपैकी सत्तर टक्के पुढील दोन चकत्यांत गेली आणि प्रत्येक चकतीचे वजन चार किलो धरले, तर एका थांबण्यात तपमान पाऊणशे अंशांनी वाढते. रस्त्यावर ही वाढ नगण्य आहे. परंतु घाटाच्या उतारावर किंवा शर्यतीच्या मार्गावर लागोपाठ अनेकदा ब्रेक लावल्यास उष्णता कॅलिपरमधील द्रवापर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. हवेतील पाणी शोषून घेतलेल्या द्रवासाठी तोच किमान दंडक १५५ अंशांवर उतरतो. द्रव उकळला की वाफ दाबली जाते, पायदान तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. तेव्हा येथील पहिला खर्च मोठ्या चकत्यांवर न करता ताज्या द्रवाच्या बाटलीवर व बऱ्यापैकी पॅडवर करावा.

आता स्प्रिंगा. गाडी खाली बसविणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगा स्वस्त मिळतात व दिसण्यातही शोभतात. वळणात आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जाणारा एकूण भार मात्र स्प्रिंगेवर अवलंबून नसतो. तो वस्तुमान, पार्श्व त्वरण, गुरुत्वमध्याची उंची व दोन चाकांतील अंतर यांवर ठरतो. ०.८ गुरुत्व इतके त्वरण, ०.४५ मीटर उंची व १.४१ मीटर अंतर धरता हा भार सुमारे २६८ किलो येतो. स्प्रिंगा दुप्पट कडक केल्या तरी तो तेवढाच राहील. कडकपणाने झुकाव कमी होतो आणि पुढील-मागील चाकांत त्या भाराची वाटणी कशी व्हावी हे ठरविता येते, इतकेच. स्प्रिंग दुप्पट कडक केल्यास अवमंदन-गुणोत्तर पूर्ववत राहण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरचे अवमंदन १.४१ पट असावे लागते. नवी स्प्रिंग जुन्या, थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर बसविली तर गाडी उड्या मारू लागते. त्यातून या गाडीच्या निलंबनाची हालचाल मुळातच तोकडी आहे. ती आणखी कमी केली तर भर वळणात रबरी ठोकळा टेकतो, त्या टोकाचा कडकपणा एकाएकी वाढतो आणि त्याच टोकाची पकड सुटते. नवख्या चालकास हे फार महाग पडते. म्हणून पैसे असतील तर प्रथम शॉक ॲब्सॉर्बर घ्यावेत, नसतील तर स्प्रिंगांस हात लावू नये.

उघड्या गाडीचा आणखी एक स्वभाव आहे. बंद नळी आणि लांबीच्या दिशेने चिरलेली नळी यांच्या पिळास होणाऱ्या विरोधातील तफावत आपण पदार्थबलाच्या तासाला पाहिली आहे. छप्पर काढलेली मोटार ही दुसऱ्या नळीकडे झुकते. सांगाडा लवचीक असला की तो स्वतःच स्प्रिंगेशी एकसरीने जोडलेली दुसरी स्प्रिंग बनतो, आणि एका मर्यादेपलीकडे कडक स्प्रिंगांचा लाभ त्यातच विरून जातो. मागील बाजूस रोल बार बसविल्याने ताठपणा थोडा वाढतो. परंतु तो बसवावयाचा तो गाडी उलटली असता डोके वाचावे म्हणून. त्याच्या नळीवर योग्य कठीण गादी हवी, आणि आसनावर बसलेल्या चालकाचे डोके त्याच्या माथ्याखाली राहिले पाहिजे. उंच चालकाच्या बाबतीत ही अट पुष्कळदा पुरी होत नाही.

आपल्याकडील वाचकांसाठी एक सूचना. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा वरील विवेचनातील द्रव, पॅड, मूळ मापाचे टायर व कोनरचना येथील कोणत्याही गाडीस निर्वेधपणे लागू पडते. बाकीचे तसे मानून चालू नये.

टर्बोचार्जरविषयी थोडक्यात. त्याने शक्ती खरोखरच पुष्कळ वाढते, परंतु त्याची किंमत म्हणजे त्याची एकट्याची किंमत नव्हे. इंधन-योजना, क्लच व शीतन यांचा खर्च मागोमाग येतो, आणि १६०० च्या इंजिनाबरोबर आलेला डिफरन्शियलही पुढे १८०० च्या गाडीस दिलेल्या डिफरन्शियलपेक्षा लहान आहे. मर्यादित द्रव्याच्या कक्षेत हा विषय बसत नाही.

हाती असलेल्या रकमेचे शंभर भाग कल्पिले, तर आम्ही पंचवीस भाग गाडी मूळ स्थितीत आणण्यावर, म्हणजे रबरी बुश, नळ्या व टायमिंग बेल्ट यांवर, घालवू; पस्तीस टायरांवर, पाच कोनरचनेवर, दहा ब्रेकवर आणि वीस रोल बारवर. हे आकडे मोजमापातून आलेले नसून आमच्या मताचे आहेत. कुशल शिक्षकाबरोबर एक दिवस बंद मार्गावर घालविणे शक्य असल्यास रोल बार वगळता यांतील कशातूनही त्याचे पैसे काढावेत. उरलेले पाच भाग रेडिएटरसाठी राखून ठेवावेत. त्याची वरची टाकी प्लॅस्टिकची आहे, आणि ती काळ्याची तपकिरी दिसू लागली की फुटण्यास फार अवकाश उरलेला नसतो.