माल नाही, वर बँकेचा भुर्दंड

दादरच्या हिंदमाता बाजारात आम्ही कापडखरेदीला गेलो. शिल्लक अपुरी म्हणून डेबिट कार्ड नाकारले गेले. माल मिळाला नाहीच, उलट खात्यातून 29 रुपये 50 पैसे कापले गेले.

अमेरिकेत ग्राहकाची संमती असेल तर बँक अशी खरेदी होऊ देते व जबर दंड घेते. आपल्याकडे बचत खात्यावर व्यवहार तिथेच थांबतो. पण काही बँका नकाराचेच 25 रुपये आणि 18 टक्के जीएसटी आकारतात. चार वेळा कार्ड लावले तर 118 रुपये गेले!

चालू खात्याला ओव्हरड्राफ्ट मंजूर असल्यास कार्ड चालते, मात्र उचललेल्या रकमेवर व्याज चढते. व्याजापासून दूर राहणाऱ्या बांधवांनी हे आधी तपासावे.

किमान शिलकीचा दंड वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या आदेशानुसार बचत खातेदाराला आधी सूचना व महिन्याची मुदत द्यावी लागते. केवळ या दंडापोटी खाते उणे करता येत नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी शिल्लक पाहावी, पासबुक दरमहा भरून घ्यावे. गैर कपातीची तक्रार शाखेत लेखी द्यावी. 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.